सुनेला पोहायला शिकवलं

नातीचा कान वाहायला लागला तेव्हा मला कळलं की ती नदीवर जाते.

कान कशानंही वाहतो. सर्दीनं वाहतो, काडी घातली तरी वाहतो. पण रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून कानात पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "पोहायला कुठं जातेस गं?"

सून म्हणाली, "छे हो, आम्ही तिला पाण्याजवळ जाऊच देत नाही."

नात आठ वर्षांची आहे. ती खाली बघत बसली की समजायचं, कुठंतरी पाणी मुरतंय. मी तिची वेणी उचलून हुंगली. शेवाळाचा वास होता. सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पडदा शाबूत आहे, आत सूज आहे. मी सांगेपर्यंत कानात पाण्याचा थेंब जाता कामा नये. औषध देते तेवढंच घालायचं. तेल नको, लसूण नको." लसूण नको हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या.

रिक्षातून घरी येईपर्यंत सुनेनं पोरीचं मनगट सोडलं नाही.

सुनेचं माहेर नागोठण्याचं. ती बारा वर्षांची असताना तिचा धाकटा भाऊ दगडाच्या जुन्या खाणीत साठलेल्या पाण्यात पडला. त्याला काढायला चुलतभाऊ उतरला. दोघांनाही पोहता येत नव्हतं. दोघांना एकदमच बाहेर काढलं. हे तिनं मला एकदाच सांगितलं, लग्नानंतर, तांदूळ निवडताना, मान वर न करता. मी पुन्हा विचारलं नाही. आमचं घर कुंडलिकेच्या काठावर आहे, खांब गावावरून आत आलं की. पण ती या घरात आल्यापासून नदीवर गेलेली नाही. कपडे मोरीत धुते. पुलावरून रिक्षा जाते तेव्हा डोळे मिटते.

त्या संध्याकाळी तिनं पोरीला मारलं नाही. मला वाटलं होतं मारील. ती म्हणाली, "आता शाळेतनं मीच आणीन. दाराला कडी लावीन."

"किती वर्षं?" मी विचारलं.

"लागतील तेवढी."

"कडी काढता येते गो. ती काय कोंबडी हाय, झाकून ठेवायला? तिला मी शिकवते पोहायला."

"नाय आई. नाय म्हणजे नाय."

मग मी जे बोलले ते वाईट होतं, पण खरं होतं. म्हणाले, "ऐक. ती परत जाणार. बुडायला लागली तर धावणार कोण? माझे गुडघे गेलेत, तिचा बाप कंपनीत शिफ्टला. धावणार तू. आणि तू धावलीस तर तू पण जाशील. तुझ्या भावामागं चुलतभाऊ गेला तशी. म्हणून पोरीचं राहू दे. आधी तू शिक."

ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला, बराच वेळ.

सकाळी भाकऱ्या थापताना, परातीकडे बघतच, ती म्हणाली, "आई, साडीवर शिकतात काय?"

*

मला कुणी शिकवलं नाही. माझं माहेर पेणच्या खाडीकडचं. वडील मिठागरात होते. आमच्याकडे पोरं चालायला लागली की पाण्यात असायची, चिखलात लोळायची, कालवांच्या शिंपल्यांनी पाय कापून घ्यायची. माझ्या तळपायाला अजून वण आहेत. शाळेत मी चौथीपर्यंत गेले. तिथं शिकलेलं बाकी सगळं विसरले, पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तेवढी राहिली, कारण ती रोज लागायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावास्येला, पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. भांगाला पाण्याची ओढ कमी. एकदा ओहोटी लागली की पाणी परत यायला वेळ घेतं, आणि येतं ते सांगून येतं. आधी चिखलातल्या चिरांमधून सरपटत येतं, खेकडे बिळात जातात, मग आपण कपडे उचलायचे. खाडी कुणाला फसवत नाही. जो बुडतो तो आपल्या शहाणपणानं बुडतो, असं माझे वडील म्हणायचे.

सासरी आले ती नदीवर. इथलं पाणी वेगळं. वर वीजघर आहे. ते चालू असलं की नदी भरून वाहते, बंद झालं की दगड उघडे पडतात. आता त्या पाण्यावर बोटी चालतात. मुंबईची माणसं नारिंगी जाकिटं नि डोक्यावर टोपडी घालून येतात, ओरडत ओरडत खाली जातात, आणि मग त्यांना भूक लागते. त्यांच्या कॅन्टीनला माझी सून तांदळाच्या भाकऱ्या देते. पाणी सकाळी सुटलं तर भाकऱ्या बाराच्या आत लागतात. दुपारनंतर नदी उतरते, तेव्हा आमच्या आळीतली पोरं पाण्यात शिरतात. माझी नात त्यातच जायची.

दिवाळी होऊन गेली होती. पावसाळ्यात मी सुनेला उतरवलं नसतं. तेव्हाच्या गढूळ पाण्यात शेतातली सगळी घाण येते, उंदरांच्या मुतानं ताप येतो, आमच्या गावातला एक धडधाकट माणूस त्या तापानं गेलाय. आता पाणी नितळ होतं. जागा मी निवडली. दगडांची एक ओळ नदीत शिरलीय, तिच्या आडोशाला कमरेएवढं संथ पाणी राहतं, तळाला वाळू. साडी पायात गुंडाळते, सलवारीत पाणी भरतं, म्हणून मुलाची जुनी हाफ पँट नि टी-शर्ट तिला दिला. मी माझं नऊवारी लुगडं गुडघ्यावर घट्ट खोचलं. मला त्याची सवय आहे.

आणि काठावर एक माणूस हवं. पाण्यात दोघी, काठावर एक, हा माझा नियम. त्यासाठी मी शेजारणीला उठवलं. ती माझ्याच वयाची. तिचा मुलगा कतारला असतो, घरात ती एकटीच. मी विहिरीचा नायलॉनचा दोर आणि तेलाचा रिकामा कॅन तिच्या हातात दिला.

"याचं काय करू गो?" ती म्हणाली.

"आम्ही बुडायला लागलो तर कॅन दोराला बांधलेला हाय, तो फेकायचा. तू उडी नाय मारायची."

"मी? मी उडी मारली तर नदी बाहेर येईल." मग सुनेला बघून ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "या अल्ला, हाफ पँट! अगो, तुझी सासू तुला शाळेत घालतेय काय?"

सून लाजली, हसली. पाण्यात पाऊल टाकलं आणि हसू गेलं.

पहिले काही दिवस ती नुसती उभी राहिली. माझं मनगट इतकं घट्ट धरायची की बांगडी रुतायची. मी तिला पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायला लावले. नाकात पाणी गेलं की ती किंकाळी फोडायची. "थुंक," मी म्हणायची, "गिळू नको. इथं म्हशी पण उतरतात." नात कानात कापूस घालून शेजारणीजवळ बसलेली असायची. तिला पाण्यात बोटसुद्धा घालायची परवानगी नव्हती, त्याचा सूड ती हुकूम सोडून घ्यायची. "मम्मी, पाय मार! मम्मी, तू नुसती उभीच हायस!"

"तुझी मम्मी मीठ हाय," शेजारीण म्हणायची, "विरघळेल म्हणून भिते."

एक दिवस सुनेच्या टाचेला कोयता लागला होता. ती तशीच निघाली. मी परत पाठवलं. उघडी जखम घेऊन नदीत जायचं नाही. पोट बिघडलं असेल तर नाही, ते आपल्यासाठी नव्हे, पाण्यात दुसरी पोरं असतात त्यांच्यासाठी. ती चिडली. मला बरं वाटलं. पाण्यात जायला मिळालं नाही म्हणून चिडणारं माणूस अर्धं शिकलेलं असतं.

मग मी तिला पाठीवर तरंगायला शिकवलं. हात मारणं, पाय मारणं नंतर. दमलेल्या माणसाला पाठीवर पडून राहता आलं तर तो वाचतो. मी एक हात तिच्या पाठीखाली घातला, एक डोक्याखाली, आणि म्हणाले, "सोड अंग." ती सोडेना. लाकडासारखी ताठ. "मी धरलंय," मी म्हणाले. "सोड."

आमच्यात सासू-सुना एकमेकींना हात लावत नाहीत. सणाला पाया पडते तेवढाच. इतकी वर्षं एका चुलीवर जेवतोय, पण तिचं डोकं किती जड आहे हे मला त्या दिवशी कळलं. आणि मग ते हलकं झालं. कान पाण्याखाली गेले, डोळे वर, आणि ती तरंगली. ती रडत होती. ओल्या तोंडावर रडणं दिसत नाही, पण माझ्या तळहाताला हुंदके लागत होते.

"आई," ती म्हणाली, "त्याला किती वेळ लागला असेल?"

"थोडाच."

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत नाय. पण थोडाच."

ती बराच वेळ तशीच पडून राहिली. मी हात काढून घेतला होता, ते तिला कळलं नाही.

*

माघातली अष्टमी होती. दुपारी मी दोर काढला तर सून म्हणाली, "आई, आज नको. आज भाकऱ्या उशिरा सांगितल्यात. चारला."

मी अंगणातून नदीकडे पाहिलं. पाणी इतकं उतरलं होतं की एरवी न दिसणारे दगड उघडे पडले होते. त्यांवर बगळे उभे होते. म्हणाले, "पाणी बघ कुठं गेलंय. आज भीती नाय. अष्टमी, भांग हाय."

"इथं कुठं भरती-ओहोटी, आई?"

"पाणी सगळीकडे पाणीच असतं."

पन्नास वर्षं या नदीवर काढलेली बाई मी. इथं चंद्राचं काही चालत नाही हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि अंगात असणं वेगळं. लहानपणी जे अंगात भरलं ते निघत नाही. उतरलेलं पाणी दिसलं की माझं अंग सांगतं, आता पुष्कळ वेळ आहे. खाडीत ते खरं असतं. नदीत पाणी उतरलेलं असतं याचा अर्थ ते अजून सोडलेलं नाही. उशिरा सांगितलेल्या भाकऱ्यांचा अर्थ तोच होता. सुनेला तो कळला होता, मला कळला नाही.

"मी आज उतरणार नाय," ती म्हणाली. पोहणं सुरू झाल्यापासून मला तोंडावर नाही म्हणायची तिची ही पहिलीच वेळ.

"नको उतरू. मी गुडघे भिजवते."

सून, नात नि शेजारीण दोर-कॅन घेऊन काठावर बसल्या. आमच्या जागेत जेमतेम घोटाभर पाणी होतं. म्हणून मी दगडांच्या ओळीपलीकडे गेले, नदीच्या मध्याकडे. पाण्यात दोघी हा माझाच नियम, तो मीच मोडला. तिथं छातीभर पाणी होतं. मी पाठीवर पडले. कान पाण्यात गेले की जग बंद होतं. गुडघ्यांचं दुखणं गेलं. आभाळात एक घार होती, तिच्याकडे बघत पडले.

पाणी एकाएकी गार झालं. इतकं गार की दात वाजले. धरणातलं पाणी तसंच असतं. मी उभी राहायला पाय खाली सोडले तर खाली काही नव्हतं.

डोकं वर काढलं. शेजारीण ओरडत होती, "माझ्या चपला! अगो, माझ्या चपला चालल्या!" तिच्या पायाखालचा दगड बुडाला होता. दगडांची ओळ दिसत नव्हती, बगळे उडाले होते. नात "आजी, आजी" करत पाण्याकडे धावली. सुनेनं तिचा दंड धरला, ओढली आणि शेजारणीच्या मांडीवर टाकली. "हिला धरा. सोडलीत तर बघा."

मग ती पाण्याच्या कडेला आली. तिचा पाय उचललेला मी पाहिला. ती येणार, हे मला दिसलं. त्या वेळी मला माझी भीती वाटली नाही, तिची वाटली. मी ओरडायला तोंड उघडलं तर त्यात पाणी गेलं. पण तो पाय परत खाली आला, काठावरच. ती वळली आणि दोर उचलला.

मी जिथून उतरले तिथंच परत जायला बघत होते. पाण्याच्या उलट हात मारत होते. खाडीच्या मंद पाण्यात ते जमतं, इथं जमेना. दमले. काठावरून ती माझ्याबरोबर पळत होती आणि ओरडत होती, अगदी माझ्यासारखी, "उलटं नको! पाठीवर पडा, आई! पाठीवर! पाय पुढं करा!" तिचा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. मी पाठीवर पडले. पाय पुढे झाले. एक दगड डोक्याला लागला असता तो नडगीला लागला.

ती माझ्या पुढे धावली. कॅन फेकला, तो कमी पडला. ओढून परत फेकला. तो माझ्या छातीशी आला आणि मी त्याला मिठी मारली. तिनं दोराच्या दुसऱ्या टोकाचे करंजाच्या खोडाला दोन वेढे दिले नि टेकून बसली. बाकीचं नदीनंच केलं, मला झोका दिल्यासारखं काठाला आणून लावलं.

मी चिखलात पालथी पडलेली असताना पहिली बोट आली. नारिंगी जाकिटातल्या माणसांनी आम्हाला हात हलवले, आरोळ्या ठोकल्या. नातीनं पण हात हलवला.

शेजारीण धापा टाकत आली, नातीचा हात धरून. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "कतारच्या चपला होत्या गो. एकदाच घातलेल्या." आणि मग माझ्याशेजारी चिखलात बसून रडायला लागली.

सून रडली नाही. दोर गुंडाळत होती. तिच्या तळव्यांची सालं निघाली होती. "आई," ती म्हणाली, "भाकऱ्या उशिरा म्हणजे पाणी उशिरा. एवढं साधं तुम्हाला कळू नये?"

"व्हय," मी म्हणाले.

"मी सांगत होते."

"व्हय गो."

"आणि एकट्या गेलात. पाण्यात दोघी म्हणता ना?"

ती खाली बसली आणि आपल्या कोरड्या ओढणीनं माझं डोकं पुसायला लागली. जोरात पुसत होती, पोराचं पुसावं तसं. मी मान सोडून दिली.

*

रात्री मुलाला सगळं सांगितलं. त्यानं दोर तपासला आणि दुसऱ्या दिवशी त्याहून लांब दोर आणला.

नडगीची जखम साबणानं धुऊन सून मला रोह्याला धनुर्वाताच्या इंजेक्शनला घेऊन गेली. नातीलाही बरोबर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी तिचा कान पाहिला. "कोरडा आहे. सूज नाही. आता पोहायला हरकत नाही. पाण्यातून आल्यावर डोकं वाकडं करून पाणी काढायचं, बाहेरून पुसायचं, आत काही घालायचं नाही. परत दुखला तर लगेच यायचं."

नातीनं आईकडे पाहिलं. मी पण पाहिलं. सून पर्सची चेन लावत होती. घरी आल्यावरही तिनं नदीचा विषय काढला नाही. नातीनं विचारलं नाही, मी तिला दटावून ठेवलं होतं. मला वाटलं, संपलं. माझ्यामुळे संपलं. तिला पुन्हा पाणी दिसलं ते माझं वाहत जाणं. आता कोण सोडील पोरीला? मी तिला एका शब्दानं काही म्हणणार नव्हते. मला तो अधिकार राहिला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी सून भाकऱ्या थापत होती. नात तिच्याजवळ जाऊन बसली. तव्याकडे बघत, आपल्याला काही नकोच आहे अशा आवाजात विचारलं, "मम्मी, भाकऱ्या कधी सांगितल्यात?"

थापणारे हात थांबले. मी दारात मटार सोलत होते. माझे पण थांबले.

"बाराच्या आत," सून म्हणाली. तिनं भाकरी उलटली. ती फुगली, तशी उतरवली. मग म्हणाली, "दुपारी जाऊ. पाणी उतरू दे. आणि आत्ता फार खाऊ नको."

दुपारी ती सगळ्यांच्या पुढे चालत होती. कॅन तिच्या खांद्यावर. नदीवर आल्यावर ती आधी एकटीच कडेला गेली, ओल्या वाळूत एक काठी रोवली, पाणी कुठपर्यंत आहे ते कळायला. हे मी शिकवलेलं नव्हतं. मग पोरीचा हात धरून आडोशाच्या पाण्यात शिरली. मी पदर खोचून मागे निघाले, तर तिनं वळून पाहिलं.

"तुम्ही नाय, आई. तुमची नडगी अजून ओली हाय. उघडी जखम घेऊन उतरायचं नाय."

शेजारीण खो खो हसली. तिनं नव्या चपला मांडीवर घेतल्या होत्या. सरकून तिनं मला जागा दिली.

सुनेनं एक हात पोरीच्या पाठीखाली घातला, एक डोक्याखाली. "सोड अंग," ती म्हणाली. "मी धरलंय." पोर आठ वर्षांची, तिला कुठली भीती. ती लगेच तरंगली, आणि आभाळाकडे बघून हसायला लागली. सुनेनं हात काढला नाही. तिचा हात तिथून हलायला बरेच दिवस लागणार आहेत. लागू देत.

शेजारीण मला कतारमधल्या नातवाची काहीतरी गोष्ट सांगायला लागली. तेवढ्यात पाण्यातून आवाज आला, तोच, मोठा.

"आई, गप्पा नंतर. दोर धरा."

मी दोर धरला.